दीर्घकालीन केसगळती व कोंडा : उपचारातील सातत्याचे शास्त्रीय स्वरूप

सारांश : केसगळती व कोंडा हे दोन्ही विकार दीर्घकाळ टिकणारे असून ते समूळ नाहीसे करण्यापेक्षा नियंत्रणात ठेवण्याजोगे आहेत. उपचार निष्फळ ठरण्याचे एक मोठे कारण औषधाची निवड हे नसून ते अवेळी सोडून देणे हे आहे. केसाच्या वाढीचे कालचक्र आणि रुग्णाची अपेक्षा यांतील तफावत, उपचाराच्या प्रारंभी वाढणारी गळती, तेलाविषयीचे समज व खंड पडल्यास होणारे परिणाम यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : केशकूप, कोंडा, मॅलासेझिया, मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड, किटोकोनॅझोल, सातत्य.

प्रस्तावना

केस गळणे ही प्राणघातक व्याधी नव्हे. त्यामुळे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत तिला दुय्यम स्थान मिळते. तथापि विवाहाच्या वयातील तरुण-तरुणींच्या मनावर तिचा जो परिणाम होतो तो दुय्यम नसतो. प्राचीन भारतीय वैद्यकाने या विकारांची दखल घेतलेली दिसते. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात इंद्रलुप्त, दारुणक व पलित यांचा समावेश आहे. त्यांतील दारुणकाचे वर्णन, म्हणजे खाज सुटणारी, रूक्ष व भेगाळणारी डोक्याची त्वचा, आजच्या कोंड्याशी जुळते. वाग्भटाने तर इंद्रलुप्तात केस एकाएकी जातात आणि खलतीत ते क्रमाक्रमाने जातात, असा भेद केला आहे. हा भेद आजही निदानाचा पाया आहे. एकाएकी पडणारी चाई आणि वर्षानुवर्षे विरळ होत जाणारा भांग या एकाच औषधाच्या गोष्टी नाहीत.

प्रस्तुत विवेचनाचा विषय दुसऱ्या प्रकारची, क्रमाक्रमाने होणारी केसगळती आणि तिच्याबरोबर अनेकदा आढळणारा कोंडा हा आहे. या दोहोंवर परिणामकारक औषधे गेल्या चार दशकांत उपलब्ध झाली आहेत. तरीही 'सर्व करून पाहिले, काही उपयोग झाला नाही' ही तक्रार सार्वत्रिक आहे. अशा रुग्णाची अधिक चौकशी केली असता, 'सर्व' म्हणजे पाच-सहा औषधे प्रत्येकी दीड-दोन महिने वापरल्याचे बहुधा निष्पन्न होते. दीड-दोन महिन्यांत त्यांपैकी कोणतेही औषध केसांवर आपला परिणाम दाखवू शकत नाही. असे का घडते, हे समजण्यासाठी प्रथम केसाचे कालचक्र पाहणे आवश्यक आहे.

केसाचे कालचक्र

डोक्यावर सामान्यतः सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतील एका केशकूपातून उगवतो आणि प्रत्येक केशकूप इतरांपासून स्वतंत्रपणे तीन अवस्थांतून फिरत राहतो. पहिली वृद्धीची अवस्था दोन ते सहा वर्षे चालते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांची संक्रमणावस्था येते आणि मग सुमारे तीन महिन्यांची विश्रांतीची अवस्था. विश्रांतीच्या शेवटी जुना केस गळतो व त्याच जागी नवा उगवू लागतो. कोणत्याही क्षणी साधारण नव्वद टक्के केस वृद्धीत व दहा टक्के विश्रांतीत असतात. म्हणजे दहा हजार केस शंभर दिवसांत गळावयाचे आहेत. दररोज शंभरपर्यंत केस गळणे ही निरोगी डोक्याची स्थिती आहे, ती येथून येते. आठवड्यातून एकदा न्हाणाऱ्या व्यक्तीला त्या दिवशी केसांचा पुंजकाच हाती लागतो आणि तिचा धीर सुटतो. वस्तुतः ते सहा-सात दिवसांचे साचलेले केस असतात.

केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. या साध्या आकड्यात उपचाराच्या कालमर्यादेचे मर्म आहे. औषधामुळे एखादा निद्रिस्त केशकूप तिसऱ्या महिन्यात पुन्हा कार्यरत झाला, तर सहाव्या महिन्याच्या अखेरीस त्याचा केस जेमतेम तीन-चार सेंटिमीटर असेल. आखूड केस ठेवणाऱ्या पुरुषाला तो दिसेल. स्त्रिया मात्र केसांची परीक्षा बहुधा वेणीच्या जाडीवरून करतात. तीस सेंटिमीटर लांबीच्या वेणीत नवा केस टोकापर्यंत पोहोचावयास अडीच वर्षे लागतील. वेणी जाड झाली नाही म्हणून चौथ्या महिन्यात औषध सोडणे हे पेरणीनंतर आठवड्याने कणीस शोधण्यासारखे आहे. स्त्रियांच्या बाबतीत भांगाची रुंदी आणि भांगाच्या कडेने दिसणारे आखूड, टोकदार नवे केस हीच लवकरची खूण होय.

क्रमाक्रमाने होणाऱ्या टकलामध्ये केशकूप मरत नाही, तो लहान होत जातो. प्रत्येक चक्रात वृद्धीची अवस्था थोडी आखूड होते, केस थोडा बारीक होतो आणि अखेरीस जाड काळ्या केसाच्या जागी केवळ लव उरते. या लघुकरणामागे पुरुषी संप्रेरके आहेत, हे अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखविले. वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण निकामी झाले होते अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. मात्र त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यास, ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस मागे सरकू लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे १९७४ मध्ये कॅरिबियन बेटांवरील डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराची जन्मजात उणीव होती. या पुरुषांची पुरःस्थ ग्रंथी लहान राहते व त्यांना टक्कल पडत नाही. फिनास्टेराइड या औषधाची कल्पना या निरीक्षणांतून पुढे आली.

सर्वच गळती या प्रकारची नसते. डेंग्यू, विषमज्वर, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा अतिकठोर उपवास यांनंतर दोन-तीन महिन्यांनी अचानक मूठ-मूठ केस जाऊ लागतात. आजाराच्या धक्क्याने असंख्य केस एकाच वेळी विश्रांतीत गेलेले असतात आणि विश्रांतीचे तीन महिने संपल्यावर ते एकाच वेळी गळतात. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. जे तेल या सुमारास लावले जाते त्याला मात्र श्रेय मिळते. लोहाची उणीव व थायरॉइडचे विकार याही कारणांचा शोध प्रथम घ्यावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. अशा स्थितीत हिमोग्लोबिन व फेरिटिन न तपासता महागडी केशप्रसाधने सुचविणे हे शास्त्राला धरून नाही.

अत्यंत वेगाने होणारी गळती हा आणखी निराळा विषय आहे. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत अनेकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून टक्कल पडले. प्रारंभी पाणी व बुरशी यांवर संशय घेतला गेला; पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे निर्देश केला. सेलेनियम शरीराला अल्प प्रमाणात आवश्यक असते आणि प्रमाणाबाहेर गेल्यास तेच केस घालविते. 'केसांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुजीवनसत्त्वांच्या गोळ्या स्वेच्छेने व दुप्पट मात्रेत घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावयास हवे. बायोटिनचेही असेच आहे. त्याची खरी उणीव विरळ असते आणि त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइड व हृदयविकार यांच्या काही रक्तचाचण्यांचे निष्कर्ष चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला आहे.

कोंड्याचे कारण

कोंडा म्हणजे डोक्याची कातडी कोरडी पडणे, हा समज महाराष्ट्रात इतका रूढ आहे की कोंडा दिसताच पहिला उपाय म्हणून तेलाची बाटली पुढे येते. वस्तुस्थिती बहुतांशी उलट आहे. फ्रेंच वैद्य लुई-शार्ल मालासे यांनी १८७४ मध्ये कोंड्याच्या खवल्यांत एक सूक्ष्म बुरशी पाहिली. तिच्या वंशाला पुढे त्यांच्यावरूनच मॅलासेझिया हे नाव मिळाले. ही बुरशी निरोगी माणसाच्या डोक्यावरही असते. तिच्या ग्लोबोसा या जातीचा जनुकसंच २००७ मध्ये वाचला गेला, तेव्हा तिला स्वतःची मेदाम्ले तयार करता येत नाहीत, ती बाहेरून घ्यावी लागतात, हे स्पष्ट झाले. त्वचेतील तैलग्रंथींचा स्राव हेच तिचे अन्न होय. ती तो स्राव विकरांनी फोडते, संपृक्त मेदाम्ले स्वतः वापरते आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त आम्ले मागे ठेवते. काही व्यक्तींच्या त्वचेला ही आम्ले सोसत नाहीत. तेथे दाह होतो, पेशींची झीज व निर्मिती वेगाने होऊ लागते आणि अपक्व पेशी गठ्ठ्यांनी सुटतात, तोच कोंडा. तैलस्राव, बुरशी व व्यक्तीची प्रवणता ही तीन कारणे एकत्र यावी लागतात. म्हणूनच तैलग्रंथी मंद असतात त्या बालपणात कोंडा क्वचित आढळतो आणि वयात येताना तो सुरू होतो. लहान मुलाच्या डोक्यावर खवले व मधेच केस तुटलेले चट्टे दिसले, तर तो कोंडा नसून गजकर्ण असण्याची शक्यता अधिक असते. त्याला पोटातून औषध द्यावे लागते.

तेलाविषयी सरसकट विधान करणे मात्र अन्यायाचे होईल. खोबरेल तेल केसाच्या दांड्यात शिरते व धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये दाखविले आहे. लांब केसांची निगा म्हणून तेलाला आधार आहे. परंतु केसाचा दांडा व डोक्याची त्वचा ही दोन भिन्न क्षेत्रे होत. मॅलासेझियाच्या काही जाती प्रयोगशाळेत वाढवावयाच्या असल्या की पोषक माध्यमावर ऑलिव्ह तेलाचा थर देण्याची पद्धत आहे, ही एकच गोष्ट पुरेशी बोलकी आहे. तेल लावल्यावर कोंडा 'बसल्यासारखा' वाटतो, कारण खवले तेलाने चिकटून राहतात व खांद्यावर पडत नाहीत. खाज दोन दिवसांनी परत येते, तेव्हा पुन्हा तेल लावले जाते. ज्यांना कोंडा आहे त्यांनी तेल केसांच्या लांबीला लावावे, मुळांशी चोळू नये आणि रात्रभर न ठेवता काही तासांत धुऊन टाकावे, इतकी तडजोड परंपरेशी करता येते.

कोंड्यामुळे टक्कल पडते काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. कोंड्याने केशकूपाचे लघुकरण होत नाही. मात्र दाह व सततचे खाजविणे यांमुळे केस गळण्याचे प्रमाण वाढते आणि नवा केस राठ, निस्तेज उगवतो. शिवाय ज्या संप्रेरकांमुळे टक्कल पडते तीच तैलग्रंथींनाही चेतवितात. म्हणून हे दोन विकार एकाच डोक्यावर पुष्कळदा एकत्र नांदताना दिसतात. बोअरच्या खाऱ्या पाण्याला दोष देण्याची प्रथाही अशीच तपासून घ्यावी लागते. गावाकडून पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात आलेला विद्यार्थी पाणी बदलल्याने केस गेले असे सांगतो. जड पाण्याने केस राठ होतात हे खरे, परंतु आनुवंशिक गळती सुरू होण्याचे वय आणि घर सोडण्याचे वय हे योगायोगाने एकच आहे.

कोंड्याचा उपचार : आठवड्यांचा हिशेब

दोन्ही विकार एकत्र असल्यास कोंड्याकडे आधी लक्ष द्यावे, कारण त्याचा निकाल आठवड्यांत लागतो आणि दाह शमलेल्या त्वचेवर पुढील औषधे चांगली सोसतात. किटोकोनॅझोलचा २ टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरणे हा प्रस्थापित उपाय आहे. सेलेनियम सल्फाइड, झिंक पायरिथिऑन, डांबरयुक्त व सॅलिसिलिक आम्लयुक्त शाम्पू हेही उपयोगी आहेत. झिंक पायरिथिऑन मात्र युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत वर्ज्य केले आहे. किटोकोनॅझोलच्या गोळ्या कोंड्यासाठी घेऊ नयेत. यकृताला होणाऱ्या अपायामुळे त्यांच्या वापरावर २०१३ पासून कठोर मर्यादा सुचविल्या गेल्या आहेत.

शाम्पूच्या बाबतीत अपयशाचे कारण फार क्षुल्लक असते. औषधी शाम्पू हा केस स्वच्छ करण्यासाठी नसून त्वचेवर औषध पोहोचविण्यासाठी असतो. तो केसांवर फेसाळून अर्ध्या मिनिटात धुऊन टाकला, तर औषधाला काम करावयास अवसरच मिळत नाही. तेल असल्यास आधी साध्या शाम्पूने काढावे, मग औषधी शाम्पू बोटांच्या टोकांनी त्वचेला लावून तीन ते पाच मिनिटे ठेवावा. नखांनी खरवडू नये.

याहून महत्त्वाचा प्रश्न कोंडा गेल्यानंतरचा आहे. या संदर्भात १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी उद्बोधक आहे. किटोकोनॅझोल शाम्पूने बऱ्या झालेल्या ३१२ व्यक्तींचे तीन गट करून त्यांना सहा महिने निरनिराळ्या पद्धतीने शाम्पू देण्यात आला. ज्यांना औषधविरहित शाम्पू दिला त्यांच्यापैकी ४७ टक्क्यांना कोंडा परत झाला. एक आठवडा सोडून औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के व दर आठवड्यास एकदा औषध मिळालेल्यांत १९ टक्के होते. आठवड्यातील पाच मिनिटांचा हा फरक आहे. कोंडा 'परत आला' असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. बुरशी कधी गेलेलीच नसते, ती त्वचेची कायमची रहिवासी आहे. औषधाने तिची संख्या मर्यादेत राहते आणि औषध थांबले की ती वाढते. दंतमंजन एक महिना करून दात कायमचे स्वच्छ झाले असे कोणी मानीत नाही. कोंड्याच्या बाबतीत मात्र तशी अपेक्षा सुशिक्षित माणसेही बाळगतात.

चार आठवड्यांच्या योग्य वापरानंतरही फरक नसेल, खवले जाड व चंदेरी असतील, कानामागे व केसांच्या रेषेबाहेर पसरत असतील, तर सोरायसिसचा विचार करावा लागतो. अशा वेळी औषधविक्रेत्याकडून परस्पर स्टेरॉइडयुक्त लोशन घेण्याचा प्रघात घातक आहे. त्याने चार दिवसांत आराम पडतो, पण महिनोन्‌महिने वापरल्यास त्वचा पातळ होते.

केसगळतीचा उपचार : महिन्यांचा हिशेब

मिनॉक्सिडिल हे मूलतः रक्तदाबाचे औषध. त्याच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले आणि दुष्परिणामाचाच उपचार झाला. अमेरिकेत २ टक्क्यांचे बाह्य द्रावण १९८८ मध्ये पुरुषांसाठी संमत झाले व १९९१ मध्ये स्त्रियांसाठी. पुरुषांना ५ टक्क्यांचे द्रावण सामान्यतः दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी एक मिलिलिटर लावावयास सांगितले जाते. म्हणजे साठ मिलिलिटरची बाटली महिनाभर पुरते. बाटली दोन महिने पुरली, असे रुग्ण कौतुकाने सांगतो तेव्हा त्याने अर्धीच मात्रा घेतलेली असते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३९३ पुरुषांवरील ४८ आठवड्यांच्या चाचणीत ५ टक्क्यांच्या द्रावणाने २ टक्क्यांच्या द्रावणापेक्षा ४५ टक्के अधिक केस उगवले. द्रावण कोरड्या त्वचेवर, विरळ भागी लावावे व किमान चार तास धुऊ नये. केसांवर पडलेले द्रावण वाया जाते. गरोदर व स्तनदा स्त्रियांनी ते वापरू नये. घरात मांजर असल्यास विशेष काळजी घ्यावी, कारण हे औषध मांजरांना अत्यल्प मात्रेतही विषारी ठरते.

उपचाराच्या दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात एक विचित्र घटना घडते : गळती वाढते. विश्रांतीत असलेले केशकूप औषधाने लवकर जागे होतात व जुना केस ढकलून देतात. ही गळती औषध लागू पडत असल्याचे लक्षण मानले जाते. परंतु ज्याला हे आधी सांगितलेले नाही तो या टप्प्यावर बाटली फेकून देतो. अशा रुग्णाला सर्वांत अधिक तोटा होतो : गळावयाचे केस गळलेले असतात आणि उगवावयाचे उगवण्यापूर्वीच आधार काढून घेतलेला असतो. चिठ्ठी लिहिताना हे एक वाक्य बोलावयास अर्धे मिनिट लागते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ते अर्धे मिनिट मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

दुसरी गफलत याच सुमारास होते. द्रावणातील प्रॉपिलीन ग्लायकॉल या द्रावकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते व बारीक पापुद्रे निघतात. रुग्णाला वाटते की कोंडा परतला. तो तेल लावतो किंवा औषध बंद करतो. येथे हा द्रावक नसलेला फेसाचा प्रकार वापरल्यास अडचण बहुधा दूर होते.

फिनास्टेराइड हे पोटातून घ्यावयाचे औषध पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीसाठी १९९२ मध्ये व पुरुषांच्या टकलासाठी एक मिलिग्रॅम मात्रेत १९९७ मध्ये अमेरिकेत संमत झाले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,५५३ पुरुषांवरील चाचणीत भोवऱ्याजवळील एक इंच व्यासाच्या वर्तुळातील केस मोजण्यात आले. प्रारंभी तेथे सरासरी ८७६ केस होते. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत औषध घेणाऱ्यांत पहिल्या वर्षाअखेर १०७ व दुसऱ्या वर्षाअखेर १३८ केस अधिक होते. याच चाचणीत काहींना पहिल्या वर्षानंतर औषधाऐवजी निष्क्रिय गोळी दिली गेली. त्यांनी वर्षभरात कमावलेले केस पुढच्या वर्षात गमावले.

या औषधाच्या दुष्परिणामांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. अल्प टक्के पुरुषांत कामेच्छा कमी होणे व लैंगिक दुर्बलता आढळते. मे २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हाही फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. नैराश्याचा पूर्वेतिहास असलेल्याने ते डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नये व मनःस्थिती बिघडल्यास तत्काळ बंद करून सल्ला घ्यावा. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाची पीएसए चाचणी या औषधाने निम्म्यावर येते, हे चाचणी करणाऱ्यास सांगितले पाहिजे. गरोदर स्त्रीने तुटलेल्या गोळीला स्पर्शही करू नये. गर्भातील मुलाच्या जननेंद्रियांच्या घडणीवर परिणाम होण्याचा धोका असतो.

केशरोपणाने प्रश्न एकदाचा सुटतो, असा समज आहे. डोक्याच्या मागील भागातील केशकूप पुढे बसविले तरी आपला मूळ स्वभाव टिकवितात, हे नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये दाखविले व त्यावरच हे शास्त्र उभे आहे. परंतु रोपलेल्या केसांच्या मधले मूळचे केस विरळ होतच राहतात. औषध न घेतल्यास काही वर्षांनी रोपलेल्या केसांचे बेट व भोवती मोकळी जागा, असे दृश्य दिसते.

खंड, जाहिरात व अपेक्षा

मिनॉक्सिडिल बंद केल्यास मिळालेला लाभ साधारण तीन ते सहा महिन्यांत ओसरतो. 'औषधाची सवय लागते, सोडले की जास्त केस जातात' या लोकसमजाचे मूळ येथे आहे. औषध सोडल्यावर रुग्ण त्या स्थितीला पोहोचतो जी औषध न घेता त्याच कालावधीत आलीच असती. परंतु दोन वर्षांची राहिलेली गळती चार महिन्यांत होताना पाहणे मनाला लागते. एखादा दिवस चुकल्याने बिघडत नाही. परीक्षा, लग्नसराई, प्रवास अशा कारणांनी महिना-दोन महिन्यांचे खंड पुनःपुन्हा पडल्यास मात्र प्रत्येक वेळी प्रारंभीच्या गळतीची पुनरावृत्ती होऊ शकते. ज्याला दिवसातून दोनदा द्रावण लावणे जमणार नाही त्याने तसे प्रथमच सांगावे. दिवसातून एकदा नियमित लावणे हे दोनदा लावण्याच्या निश्चयापेक्षा अधिक टिकते. अलीकडे मिनॉक्सिडिलच्या अल्प मात्रेच्या गोळ्याही तज्ज्ञ देतात. त्यासाठी रक्तदाब व हृदय यांची तपासणी आवश्यक असते.

'पंधरा दिवसांत फरक' असे आश्वासन देणाऱ्या जाहिराती याच अधीरतेवर पोसल्या जातात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील अनुसूची 'जे' मध्ये ज्या विकारांपासून मुक्ती देण्याचा दावा औषधाने करू नये अशांची यादी आहे, आणि टक्कल त्या यादीत आहे. तरीही जाहिरातदार आपले उत्पादन औषध नसून प्रसाधन असल्याचे भासवून नेमका तोच दावा सूचित करतात. जाहिरातीतील 'आधी' व 'नंतर' ही दोन छायाचित्रे बहुधा निराळ्या प्रकाशात व निराळ्या भांगाने घेतलेली असतात.

छायाचित्राचा प्रामाणिक उपयोग रुग्ण स्वतः करू शकतो. उपचार सुरू करण्याच्या दिवशी, त्याच खिडकीच्या उजेडात, कोरड्या केसांनी, मधोमध भांग पाडून एक व भोवऱ्याचे एक, अशी दोन छायाचित्रे घ्यावीत आणि दर तीन महिन्यांनी तशीच पुन्हा घ्यावीत. दररोज आरशात पाहून व कंगव्यातील केस मोजून काहीही कळत नाही. उलट चिंता वाढते. सहा महिन्यांच्या छायाचित्रात गळती थांबलेली दिसली, तरी उपचार यशस्वी आहे असे मानावे. केस वाढले नाहीत म्हणून त्याला अपयश म्हणता येत नाही, कारण उपचाराविना त्या सहा महिन्यांत ते कमी झाले असते. वर्षभराच्या नियमित वापरानंतरही दोन्ही छायाचित्रांत घसरण दिसत असेल, तर निदानाचा फेरविचार करावा किंवा औषध बदलावे. आणि सर्व माहिती घेतल्यानंतर ज्याला हा नित्यक्रम व त्याचा खर्च वर्षानुवर्षे नको वाटतो, त्याने तो सुरूच न करणे हाही तितकाच विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरतो. अशा व्यक्तीला कोंड्यासाठी आठवड्यातून एकदाचा शाम्पू मात्र पुरेसा आहे आणि तो चालू ठेवावा.